चिखलणीआधी ट्रॅक्टरचे तेल-पाणी तपासा

मृग कोरडा गेला, आर्द्रात पावसाने जोर धरला, पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले, बांधीत पाणी साचले. रोवणीच्या बायांना सांगून ठेवले. आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर बांधीच्या मधोमध घरघर करून थांबला, तर काय कराल? मिस्त्री तालुक्याच्या गावाला, सुटा भाग नागपूरला. तो येईपर्यंत बायांचा जत्था दुसऱ्याच्या बांधीत जातो, पऱ्हे पोसवतात, पाणी ओसरते. नुकसान नुसत्या दुरुस्तीचे नसते, हंगामाचे असते.

असा ट्रॅक्टर उभा राहण्यामागे बरेचदा साधे कारण निघते. तेल कमी होते, तेलात पाणी शिरले होते, किंवा भलतेच तेल घातले होते. तिन्ही गोष्टी आधी कळू शकतात. त्यासाठी मिस्त्री लागत नाही, रोज सकाळी पाच मिनिटे आणि एक स्वच्छ फडके लागते.

लहान ट्रॅक्टर, लहान पोट

आपल्या जिल्ह्यात बांध्या लहान, धुरे अरुंद आणि जमीन तुकड्यातुकड्यांत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत १५ ते २८ अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर लोकांच्या सोयीचे ठरले. महिंद्राचा युवराज, स्वराजचा ७१७, व्हीएसटीचा शक्ती, कुबोटाचा निओस्टार ही नावे आता लाखनी-साकोलीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत ओळखीची आहेत. हलका असल्याने असा ट्रॅक्टर चिखलात कमी रुततो, लहान बांधीत सहज वळतो आणि डिझेलही बेताने खातो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. लहान ट्रॅक्टरचे पोटही लहान असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात सात-आठ लिटर तेल मावते, तर लहान इंजिनात साधारण तीन-चार लिटर. मोठ्यात अर्धा लिटर कमी झाले तर तो ओढून नेतो. लहानात अर्धा लिटर म्हणजे सहावा-आठवा भाग गेला. उरलेल्या तेलावर तेच काम पडते, ते जास्त तापते आणि लवकर पातळ होते. म्हणून लहान ट्रॅक्टरला तेल-पाणी जास्त वेळा पाहावे लागते.

पाणी आत शिरते कसे?

कोरडवाहू भागातल्या ट्रॅक्टरचा वैरी धूळ, तर आपल्या धानपट्ट्यातल्या ट्रॅक्टरचा वैरी पाणी. चिखलणीत लोखंडी चाके लावून ट्रॅक्टर तासन्‌तास पाण्यात चालतो. पुढचा अ‍ॅक्सल चिखलात बुडतो, मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पाणी चढते. तेल आत आणि पाणी बाहेर ठेवायला मध्ये फक्त रबराचे ऑइल सील असते.

गिअरची पेटी काम करून तापते. तापली की आतली हवा फुगते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या श्वासनळीतून बाहेर पडते. तीच तापलेली पेटी गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. ब्रीदर साफ असेल तर हवा तिथून येते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर पेटी जिथून वाट मिळेल तिथून ओढते, म्हणजे सीलच्या कडेने, आणि हवेऐवजी पाणी आत येते. नवे सीलसुद्धा अशा वेळी दगा देते. म्हणून चिखलणीआधी पुस्तकात पाहून गिअर पेटीचा आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर शोधा आणि तो मोकळा करा. या कामाला एक पैसा लागत नाही.

दुसरे कारण धुण्याचे. संध्याकाळी ट्रॅक्टर धुताना मोटरच्या पाण्याची जोराची धार थेट सीलवर, ब्रीदरवर किंवा तेलाच्या झाकणावर मारू नका. चिखल भिजवा, मग हळू धारेने काढा. चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळलेले तणस, सुतळी, तार रोज काढा. ती सीलला घासते आणि कापते.

इंजिनचे तेल: पट्टी कशी पाहावी

सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी सपाट जागी उभा असताना पट्टी काढा. उतारावर उभा असेल तर पट्टी खोटे बोलते. पट्टी फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवे. दिवसा पाहायचे असेल तर इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, तेल खाली उतरू द्या.

मालक ड्रायव्हरला विचारतो, "ऑइल पायलं का गा?" ड्रायव्हर म्हणतो, "पायलं ना जी, परवाच त टाकलं." टाकणे आणि पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. परवा टाकलेले तेल आज किती उरले, हे पट्टीच सांगेल.

जास्त तेल घालणेही चांगले नाही. वरच्या खुणेच्या वर तेल गेले की फिरता क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ तेल बेअरिंगला वंगण देत नाही. तेल न घालता पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका. आत डिझेल किंवा पाणी उतरते आहे. वास घ्या. डिझेलचा वास आला आणि तेल पातळ लागले तर डिझेलचा पंप किंवा नोजल तपासून घ्या. तोवर ट्रॅक्टर चालवू नका.

काळे तेल, दुधाळ तेल

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असा समज गावोगाव आहे. डिझेल इंजिनात तेल काही तासांतच काळे पडते. जळालेल्या डिझेलची काजळी पोटात धरून ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे. तेल रंगावर नव्हे, तासांवर बदलायचे असते. नव्या ट्रॅक्टरला पहिला बदल बहुधा ५० तासांना असतो. पुढचा बदल किती तासांनी करायचा ते पुस्तकात दिलेले असते, बहुतेक ठिकाणी २०० ते २५० तास. रोवणीत ट्रॅक्टर दिवसाला १० तास चालला तर २५ दिवसांत २५० तास भरतात. म्हणजे भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचे एक तेल एका रोवणीतच संपते. तेल बदलताना फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमध्ये उरलेली घाण नवे तेल पहिल्याच दिवशी मळवते.

काळ्या तेलाची भीती नको, पण दुधाळ तेलाची बाळगा. पट्टीवर किंवा झाकणाच्या आत तेल ताकासारखे, दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी आहे. झाकणावर थंडीत जरासा पांढरा थर येतो तो निराळा, इंजिन नीट तापले की जातो. पण पट्टीवरच दुधाळ दिसले तर ट्रॅक्टर तिथेच थांबवा.

शंका असेल तर घरची परीक्षा करा. लोखंडी तवा चांगला तापवा, चुलीवरून खाली उतरवा आणि लांबून तेलाचा एकच थेंब टाका. तडतडले तर तेलात पाणी आहे. तेल पाण्यामुळे उडते, म्हणून चेहरा दूर ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

इंजिनच्या तेलात पाणी आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी, असे दोन्ही दिसले तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. नुसते तेल बदलून भागणार नाही.

मागच्या पेटीतले तेल

लहान ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक लिफ्ट हे सगळे एकाच पेटीतल्या एकाच तेलावर चालते. ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांचे ब्रेकही त्याच तेलात. म्हणून या तेलाला चार कामे एकदम करावी लागतात: दातांना वंगण, लिफ्टला दाब, ब्रेकला पकड आणि सगळ्यांना थंडावा.

इथे मोठी चूक होते ती ९० नंबरची. "पेटीत नव्वद टाका" हे वाक्य जुन्या ट्रॅक्टरांपासून चालत आले आहे. ज्याच्या पुस्तकात ९० नंबर लिहिला आहे, त्याला ते ठीक. पण ज्याचे ब्रेक आणि हायड्रोलिक त्याच तेलावर आहेत आणि पुस्तकात ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन तेल, म्हणजे यूटीटीओ लिहिले आहे, त्यात साधे गिअर तेल घातले तर ब्रेक घसरतात किंवा किंचाळतात आणि थंडीत सकाळी लिफ्ट आळसावते. धानाची भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक घसरला, तर प्रश्न तेलाचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो.

हे तेल पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी ठेवा, मागचे अवजार जमिनीवर टेकवा, म्हणजे लिफ्टमधले तेल पेटीत परत येते, आणि इंजिन बंद करा. काही ट्रॅक्टरला पट्टी असते, काहींना पातळीचा नट, काहींना काच. लिफ्ट धक्के देत उचलत असेल, पंप कुरकुरत असेल, तर आधी पातळी आणि गाळणी पाहा. पंप उघडायची घाई करू नका.

चिखलणीत पेटीत पाणी शिरल्याचा संशय असेल, तर ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसते. सकाळी सुरू न करता तळाचा नट थोडा सैल करा. आधी पाणी आले तर शिरकाव झाला हे नक्की. पण तेल दुधाळ झाले असेल तर ते पाणी तळाला बसत नाही. ते सगळे तेल काढून नवेच भरावे लागते, आणि सील बदलल्याशिवाय नवे भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

पुढचा अ‍ॅक्सल विसरू नका

चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगळे तेल असते. तो चिखलात सर्वांत खोल जातो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. चिखलणी सुरू होण्याआधी, निम्मी झाल्यावर आणि संपल्यावर, अशी तीनदा त्याची पातळी आणि रंग पाहा. चाकाजवळ तेलाची ओल दिसली तर सील गेले समजा. जिथून तेल बाहेर येते, तिथूनच पाणी आत जाते.

रेडिएटर आणि कूलंट

तापलेल्या इंजिनचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच उकळता फवारा तोंडावर येतो. गार झाल्यावरच, जाड फडक्याने धरून उघडा.

बोअरवेलचे जड पाणी घालू नका. घागरीत जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट दोन तऱ्हेचे मिळते: तयार, जे तसेच ओतायचे, आणि घट्ट, ज्यात डिस्टिल्ड पाणी मिसळायचे. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळते, झाकणाच्या दाबाखाली त्याहूनही वर, आणि आतून गंज धरू देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा ही सवड कामी येते. हिरवे, लाल, गुलाबी हा नुसता रंग आहे, त्यावरून जात ओळखू येत नाही. दोन वेगवेगळी कूलंट एकत्र ओतू नका. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेले किंवा उघड्या भांड्यातले कूलंट जनावर, कुत्रे किंवा लहान मूल पिऊ शकते. डबा कुलपात ठेवा.

मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कोंडा आणि तूस अडकते. कूलंट भरलेले असूनही इंजिन तापते ते यामुळे. दुपारी इंजिन बंद करून जाळी झाडा.

हवेचा फिल्टर आणि डिझेल

ज्या फिल्टरच्या वाटीत तेल असते, त्यात पुस्तकात सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरा. धुळीच्या कामात वाटी रोज पाहा, तळाला गाळ साचला तर तेल बदला. खुणेच्या वर भरू नका. जास्तीचे तेल इंजिन ओढून घेते आणि ते जाळत बेफाम पळू शकते. कागदी फिल्टर असेल तर त्याला तेलाचा थेंबही लावू नका.

डिझेल टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी होते. डिझेल फिल्टरच्या तळाचा नट दर आठवड्याला सैल करून साचलेले पाणी काढा. पावसाळ्यात ड्रम उघड्यावर ठेवू नका.

दुकानात काय मागावे?

"एक डबा ऑइल द्या" असे म्हणू नका. पुस्तक सोबत न्या आणि दोन गोष्टी मिळवून पाहा, जाडी आणि दर्जा.

जाडी म्हणजे १५ डब्ल्यू ४० यासारखा आकडा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली जाडी सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनमधली. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेल लवकर वर चढावे आणि मेच्या दुपारी फार पातळ होऊ नये, यासाठी हे दोन आकडे. गिअर तेलाचे आकडे निराळ्या मापाचे असतात. ९० नंबरचे गिअर तेल ४० नंबरच्या इंजिन तेलाच्या दुप्पट जाड असते असे नाही, जाडीला ते साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच भरते. तेव्हा मोठा आकडा म्हणजे भारी तेल, हा हिशेब सोडून द्या.

दर्जा डब्यावर अक्षरांत असतो. सी अक्षराने सुरू होणारी खूण डिझेल इंजिनची, एस अक्षराची पेट्रोल इंजिनची. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा आणि सीआय-४ हा २००२ चा. पुस्तकात सीएफ-४ असेल तर सीआय-४ चालते, उलटे चालत नाही. मोटारसायकलचे उरलेले तेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नका.

डबा सीलबंद आहे ना, बॅच नंबर आणि तारीख आहे ना, हे पाहा. पावती घ्या, वॉरंटीत तीच कामी येते. डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात नकली तेल भरून कोणी विकणार नाही. आणि फवारणीच्या औषधाचा डबा धुऊनसुद्धा तेलासाठी वापरू नका.

नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर आणखी एक करा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात कोणते तेल, किती लिटर, हे दिलेले असते आणि ट्रॅक्टर चिखलात चालवल्यावर आत पाणी-चिखल शिरला का, याचीही नोंद असते. धानाच्या शेतकऱ्याने अश्वशक्तीच्या आकड्याआधी ही नोंद वाचावी. विक्रेत्याकडे अहवाल मागा. वाचायला अडचण आली तर सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

गावातल्या पदाधिकाऱ्यांसाठी

बचत गट, शेतकरी गट किंवा अवजार बँकेच्या ट्रॅक्टरला आज एक ड्रायव्हर, उद्या दुसरा. सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही, अशी गत होते. सरपंच, गटसचिव, सहायक कृषी अधिकारी यांनी एक साधी वही ट्रॅक्टरसोबत ठेवायला लावावी. तारीख, मीटरचे तास, इंजिन तेल, पेटीचे तेल, कूलंट, काय आणि किती घातले, आणि सही. पट्टी पाहिल्याची सही नसेल तर किल्ली द्यायची नाही, हा नियम करा. आज थोडे, उद्या थोडे असे तेल खाणारा ट्रॅक्टर या वहीतच पकडला जातो.

दुसरी गोष्ट काढलेल्या तेलाची. काळे तेल नालीत, बांधीत किंवा मामा तलावाच्या काठी ओतले जाते. पाण्यावर त्याचा पातळ थर दूरवर पसरतो आणि हवा अडवतो. त्याच तलावात ढिवर बांधवांची मासोळी आणि शिंगाडा असतो, तिथेच जनावरे पाणी पितात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ग्रामपंचायतीने झाकणाचा एक ड्रम ठेवावा आणि साचलेले तेल परवानाधारक संकलकाकडे द्यावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो, वर्षभर राबलेल्या खांद्याला हळद-लोणी लावतो. बैल दुखले तर मान टाकतो, चालायला नकार देतो, मालकाला कळते. ट्रॅक्टर नकार देत नाही, तुटेपर्यंत चालतो. त्याचे दुखणे फक्त पट्टीवर दिसते. तेव्हा यंदा बांधीत उतरण्याआधी पुस्तक काढा, ब्रीदर मोकळा करा, आणि रोज सकाळी चहाच्या आधी पट्टी बघा.